वरच्या फळीवरचं खोकं

आमचे हे वहाबभाईंच्या दुकानात जायचे बंद झाले, त्याला त्या गुरुवारी नऊ दिवस झाले. बाहेरच्या माणसाला यात विशेष काही वाटणार नाही. पण देवानंद आणि वहाब या दोघांचा सकाळचा चहा मलकापुरात तीस वर्षं चुकला नव्हता. एसटीच्या ड्युटीला जाताना हे सायकल दुकानाच्या पायरीला टेकवायचे, उभ्याउभ्या अर्धा कप प्यायचे आणि मगच गाडीवर चढायचे. भीमजयंतीला वहाबभाई चहा पाजायचे, ईदला हे शिरखुर्मा प्यायचे आणि वर चहा मागायचे.

आता नऊ दिवस घरात. तेवढ्यात त्यांनी माझ्या शिलाई मशीनला चार वेळा तेल घातलं. ब्लाउजवर डाग पडेल म्हणून मला सुईखाली आधी चिंधी चालवून बघावी लागायची.

भांडण गेमच्या डब्यावरून झालं. आमच्याकडे लहान मूल कोणी नाही. डबा यांनाच पाहिजे होता.

झालं असं, की हे रिटायर झाले आणि घरात बसून त्यांचा चेहरा उतरायला लागला. म्हणून आम्ही पुण्याला पुतण्याकडे, धम्मरत्नाकडे, आठ दिवस राहून आलो. त्याच्याकडे टीव्हीला जोडायचा गेमचा डबा, आणि त्याला खरंखुरं स्टेअरिंग. टीव्हीत ट्रक चालवायचा. हे बसले, तर क्लच शोधायला पाय फरशीवर आपटायला लागले. रस्त्याच्या कडेला चार माणसं उभी दिसली, तर ट्रक थांबवला.

"काका, ते पॅसेंजर नाहीत," धम्मरत्न म्हणाला.

"उन्हात उभे हायेत ना बे!" हे म्हणाले.

त्या आठ दिवसांत माणूस दहा वर्षांनी लहान झाला. परत आल्या आल्या वहाबभाईंना ऑर्डर दिली. त्यांचं दुकान टीव्ही, मिक्सर, पंख्यांचं. "पंधरा दिवसांत आणतो, देवाभाऊ," ते म्हणाले. पंधरा दिवसांचे सात महिने झाले, डबा काही येईना. तेव्हा करोना नुकताच ओसरला होता, आणि तो डबा अख्ख्या देशात कुठंच मिळत नव्हता.

मग रोज सकाळी दुकानात पंचायत बसायची.

"मुद्दाम दाबून ठेवून राह्यले," हे म्हणायचे. "गोदामं भरली असतील. लोक तरसले, की दुप्पट नाव होते कंपनीचं."

"अरे भाऊ, चिपच नाही," वहाबभाई समजावायचे. "कारखाने बंद होते, जहाजं अटकली. कंपनीले माल इकाचा नाही का? कोन आपल्या पोटावर पाय देईन?"

कापसाचे दलाल राजकुमारभाऊ पेपर वाचता वाचता मान वर करायचे. "भाव नाही आला तं मीबी कापूस घरात ठेवतो. मंग कंपनीनं काऊन ठेवू नये?"

"पाह्य! पाह्य!" हे टाळी द्यायचे.

मी एकदा घरी म्हटलं, "राजूर घाटात ट्रक आडवा झाला, की तुमची गाडी दोन तास लेट यायची. तेव्हा लोक म्हणायचे, ड्रायव्हर मुद्दाम हॉटेलावर भजी खात बसला. तुम्ही किती चिडायचे, आठवतं का?"

"ते येगळं होतं," हे म्हणाले.

आपलं असलं, की वेगळंच असतं.

एवढ्यावर काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते दुकानाच्या साफसफाईत. वहाबभाईंनी सगळ्या फळ्या नव्यानं लावल्या आणि यांना वरच्या फळीवर तेच खोकं दिसलं. पांढरं, मोठं, वर डब्याचं चित्र. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं.

"वहाब, हे काय?"

"ते इकाचं नाही," वहाबभाई म्हणाले आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

यांनी चहाचा कप काउंटरवर ठेवला. "माल दाबून ठेवतं, अन् मले सात महिन्यांपासून चिप सांगतं?" सगळ्यांसमोर एवढं बोलले आणि घरी आले. वहाबभाई एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या न बोलण्याचाही यांनी पुरावाच केला.

खरं सांगते, डब्याचं मला काही पडलं नव्हतं. पण रिटायर झालेल्या माणसाला सकाळी उठून जायला एक जागा लागते. यांची होती, तीही गेली. रात्री झोपेत हे कुशीवर वळायचे तेव्हा समोरच्या गाडीला साइड देत असल्यासारखा हात हलायचा. मला वाईट वाटायचं.

तर त्या गुरुवारी वहाबभाईंच्या बायको, बिस्मिल्लाभाभी, आल्या. भाचीच्या लग्नासाठी हिरवा कुर्ता माझ्याकडे शिवायला टाकला होता.

"मायाताई, झाला का?"

"शनिवारी या हो. काज-बटणं राहिलीत."

तेवढ्यात लाइट आली, पंखा फिरला आणि मागचा पडदा उडाला. मागं खिळ्याला हिरवा कुर्ता इस्त्री करून टांगलेला. भाभी शांतपणे उठल्या, आत गेल्या आणि एकेक बटण बोटानं मोजायला लागल्या. "सहाच्या सहा हायेत," म्हणाल्या.

काय सांगायचं? शिवणकाम मी कोणाकडे शिकले नाही, जुने ब्लाउज उसवून उसवून शिकले. पण धंद्याची रीत गिऱ्हाइकांनीच शिकवली. कपडा ठरल्या दिवशी दिला, तर बाया म्हणतात, "हिच्याकडे काम दिसत नाही." दोन दिवस फिरवलं, तर म्हणतात, "फार गर्दी बाई तिच्याकडे," आणि येताना शेजारणीला घेऊन येतात. म्हणून शिवून झालेला कपडा मी दोन दिवस पडद्यामागं ठेवते. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. भाभींना सांगितलं.

त्या पोट धरून हसल्या. "अवो, तुमचं असून नाही म्हणायचं. आमच्या घरी उलटं!"

"म्हणजे?"

"दुकानातले निम्मे खोके रिकामे हायेत. फळ्या भरलेल्या दिसल्या, तरच गिऱ्हाईक पायरी चढते. तो गेमचा खोका अकोल्याच्या ठोक दुकानातून मांगून आणला यांनी. आत थर्माकोलबी नाही."

"मग त्यांनी सांगायचं ना यांना!"

"गिऱ्हाईक उभं होतं ना वो! त्याच्यासमोर कसं सांगतील, खोका रिकामा हाय म्हणून? मंग मिक्सरचा खोकाबी उघडून दाखव म्हणेल, पंख्याचाबी. दुकानाची अब्रू गेली असती." मग त्यांचं हसू जरा ओसरलं. "सकाळी सवयीनं दोन चहा सांगतात. मंग दोन्ही आपणच पितात. नऊ दिवसांपासून छातीत जळजळ होऊन राह्यली त्यायले. अन् म्हणतात, तीस सालात एकबी झूट बोललो नाही त्याच्याशी."

त्या कुर्ता घेऊन निघायला लागल्या. मी म्हटलं, "कुर्ता राहू द्या. तो मीच दुकानावर पोचवते."

हे ओट्यावर तेलाची कुपी घेऊन बसले होते. मी सगळं सांगितलं, फक्त माझ्या पडद्याचं सोडून. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला.

"मंग मागून सांगावं नाई त्यानं मले?"

"तुम्ही मागून गेलात कुठं? आणि घाटात तुम्हाला कधी भीती वाटलीच, तर मागं वळून पॅसेंजरांना सांगायचे का?"

ते बराच वेळ कुपीचं झाकण लावत बसले. मग उठले आणि चप्पल घातली.

"कुठं निघालात?"

"तू कुर्ता देवाले चालली ना? मी येतो सोबत. ऊन हाय."

डिसेंबर होता.

दुकानात वच्छलाबाई होत्या, आमच्या गल्लीतल्या. नव्या सुनेला घेऊन मिक्सर बघायला आलेल्या. वहाबभाईंनी यांना पाहिलं आणि मिक्सरचं भांडं उगाच पुसायला लागले. हे पंख्यांचे भाव वाचायला लागले. मी कुर्त्याची पिशवी धरून उभी. मला वाटलं, हे दोघं आता असेच उभे राहतील आणि संध्याकाळ होईल.

तेवढ्यात वच्छलाबाईंनी वर बोट दाखवलं. "ते मोठं खोकं कायचं हो? बघू जरा."

वहाबभाईंचा हात भांड्यावर थांबला.

हे पुढं झाले. "थांब वहाब. तुह्यानं एकट्यानं उचलणार नाही ते. मी उतरवतो."

स्टूल ओढलं, वर चढले, खोक्याला दोन्ही हात घातले. आणि मग मी लग्नाच्या चोवीस वर्षांत पाहिलं नव्हतं असं काही पाहिलं. या माणसानं दात-ओठ खाल्ले. मानेच्या शिरा फुगल्या. रिकामं खोकं गव्हाचं पोतं असल्यासारखं छातीशी धरून, एकेक पाय जपून टाकत खाली उतरले. कपाळाला खरोखरचा घाम आला होता.

"सांभाळून, देवाभाऊ!" वहाबभाई धावले. "भारी हाय." त्यांनीही दुसरी बाजू धरली आणि दोघांनी मिळून ते अलगद, आवाज न करता, काउंटरवर टेकवलं.

"बाई गं," वच्छलाबाई म्हणाल्या, "एवढं जड?"

"सगळं लोखंड असते आत," हे धापा टाकत म्हणाले.

सून मला हळूच म्हणाली, "काकू, इतकं नसतं हो. माझ्या भावाकडे आहे." मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं. हुशार पोरगी, लगेच मिक्सरकडे बघायला लागली.

"विकायचं आहे का हे?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"नाई नाई," वहाबभाईंच्या आधी हेच बोलले. "बुकिंग हाय. माह्यंच हाय."

"मग नेत का नाही घरी?"

कंपनी मुद्दाम करते की खरंच माल नाही, हे मला आजही ठाऊक नाही. तिच्या पडद्यामागं काय टांगलं आहे, ते तिलाच माहीत. पण त्या प्रश्नावर आमचे हे कसे अडकले, ते मी पाहिलं. त्यांनी घाम पुसला, खोक्याकडे पाहिलं, वहाबभाईंकडे पाहिलं.

"आज नाही जमणार," म्हणाले. "लय वजन हाय. उद्या सकाळी येतो."

वहाबभाई पाठ फिरवून मिक्सरचं गॅरंटी कार्ड शोधायला लागले. कार्ड समोरच पडलं होतं, तरी त्यांना बराच वेळ सापडेना.

"लवकर ये बे," ते तिकडे तोंड करूनच म्हणाले. "चहा थंडा होते."