कीर्तीच्या हळदीची तारीख

बेलपाड्याच्या सखूबाई धवलारीण होत्या. लग्नात ढवळे गाऊन देवांना बोलवायचं आणि हळदीत गाण्यातूनच व्याह्यांची सालटी काढायची, ही दोन्ही कामं धवलारणीचीच. दुसऱ्याला गर्दी जास्त व्हायची, हे काय वेगळं सांगायला हवं?

पण भाचीच्या, कीर्तीच्या हळदीत त्यांनी व्याह्यांना सोडून स्वतःच्या सुनेलाच, मनिषाला, धरलं. मनिषाचं पोर सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. सखूबाईंनीच ते आपल्या लुगड्यात गुंडाळून शेवटचं नेलं होतं. त्याच पोरावर त्यांनी भर मांडवात कडवं रचलं. मांडव हसला. हळदीतलं बोलणं कोण मनावर घेतं? मनिषाने घेतलं. त्या दिवसापासून तिने सासूशी अबोला धरला. ताट पुढे सरकवायचं आणि निघून जायचं.

पुढे सखूबाई अंघोळ टाळू लागल्या, पाहुण्यांसमोर नको ते बोलू लागल्या, दाराच्या चौकटीला धडकू लागल्या. गाव म्हणालं, म्हातारी चेकाळली. मनिषाला सगळं दिसत होतं, पण नवऱ्याला, धनेशला, ती एका शब्दाने बोलली नाही. आपट डोकं, असंच तिला वाटायचं, आणि त्यात बरंही वाटायचं.

दिवाळीत सखूबाई फिट येऊन पडल्या, तेव्हा कुठे पनवेलच्या इस्पितळात नेलं. कपाळामागे, मेंदूत, लिंबाहून मोठी गाठ निघाली. जिभेला लगाम घालणारी जागाच तिने दाबून टाकली होती, आणि डोळ्यांच्या नसाही. स्वभाव कधीपासून बदलला, असं डॉक्टरांनी विचारलं.

"आय पयल्यापासूनच तशी हाय," धनेश म्हणाला. "धवलारीण हाय ना ती."

"बारा फेब्रुवारी," मनिषा म्हणाली.

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. तेव्हाच आणलं असतं तर नजर वाचली असती, एवढंच म्हणाले. ते रागावले असते तर तिला सोसलं असतं.

ऑपरेशन झालं, गाठ निघाली. नजर गेली ती गेलीच. तिसऱ्या दिवशी मनिषाने पेजेचा चमचा सासूच्या ओठांना लावला. सखूबाईंनी तिचा हात चाचपला, बांगड्यांवरून बोटं फिरवली.

"कोन गो तू?"

"मी मनिषा, आय."

सखूबाईंनी मान हलवली.

"नाय. मनिषा माज्याशी बोलत नाय."