आधी मत, मग आधण

मी एक जुनी काहील आहे, आणि आज मला गप्प बसवत नाही. मित्रांनो, तुम्ही गूळ आवडीने खाता. पण ज्या पसरट लोखंडी भांड्यात उसाचा रस उकळतो, त्या काहिलीला कधी विचारलंत, बाई, तू कशी आहेस? कराडच्या लोहारांनी पत्र्याला पत्रा ठोकून मला घडवलं. मला उचलायला चार गडी लागतात. मी काही हलक्या अंगाची नव्हे. माझ्यातला गूळ बाजारात गेला की बाकीच्या ढेपांनी तोंड लपवावं.

पण खरं ओझं पावसाळ्यात. आमची वस्ती कृष्णेच्या अलीकडे, गाव आणि दवाखाना पलीकडे, मध्ये पूल नाही. पूर आला की मलाच पाण्यात लोटतात आणि माझ्यात माणसं बसवून नेतात. एका पुरात अंजनाला नेलं. पहिलटकरीण, अडलेली. पोहणारे मला ढकलत होते. काठ हाताशी आला आणि तिचं कण्हणं थांबलं. लोकांनी मला धुतलं, पालथं घातलं. मी कुणाजवळ रडू?

अंजनाचा भाऊ लालासाहेब. गुऱ्हाळ त्याचंच. त्याची बायको शालूबाई यंदा पोटुशी. दिवस ऐन पुरात भरायचे.

सदुसष्ट सालचा फेब्रुवारी होता. दिल्लीच्या निवडणुकीचं मतदान पलीकडच्या शाळेत होतं. पाणी उतरलेलं, चालत जाण्याजोगं. नवराबायको दोघांचंही हे पहिलंच मत. गूळ उतरवणारा आमचा म्हातारा गुळव्या गुंडा सकाळीच बोटाला शाई लावून आला.

"लालासाहेब, जा की रं आता."

"एवढं आधण उतरू द्या, तात्या."

हेच तर चुकतं! एक आधण, म्हणजे काहीलभर रस, उतरलं की घाण्याखाली पुढचा रस तयार. तो ठेवला तर आंबतो, म्हणून लगेच माझ्यात ओततात. असं करता करता दुपार कलली.

"एका मतानं दिल्ली हालतीया व्हय?" लालासाहेब हसला.

"गेल्या बारीला वस्तीतली समदी पोरं हेच म्हनली," गुंडा म्हणाला. "कोन गेलं न्हाई. मग पुढारी तरी कशाला फिरकतोय हिकडं? त्याला वाटलं, हितं मानसंच ऱ्हात न्हाईत."

मी आतून ओरडत होते, जा, जा! तर लालासाहेब म्हणतो कसा, "उकळी झ्याक आलीया."

ऊन उतरलं. माझ्याखालच्या चुलाणात उसाची चिपाडं घालणारी शालूबाई उठली.

"आवं, चला की. शाळंचं दार लावतील."

"आता? पाक धराय लागलाय. तू बी कुठं जायचं न्हाईस."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने जाळ बाहेर ओढला आणि त्यावर घागरभर पाणी ओतलं.

"अगं ए! आधण गेलं की माझं!"

"आधण उद्या बी हुईल. पुरात माझी येळ आली तर मला ह्या काहिलीतच बसवनार न्हवं? चला!"

ती नदीकडे निघाली. सोबतीला गुंडा गेला. लालासाहेब मात्र हट्टाने ओली चिपाडं फुंकत बसला. नुसता धूर.

शालूबाई परतली तेव्हा तिचं बोट काळं होतं. माझ्यात नासका चिकटा. गूळही गेला आणि त्याचं मतही गेलं.

"कुनाला दिलंस?" त्याने हळूच विचारलं.

"ते नवऱ्याला बी सांगायचं नसतंय. तुमी हितं बसून काय राखलंत, ते सांगा."

तो माझ्यातला चिकटा खरवडू लागला.

मित्रांनो, मला मत नाही. असतं तर चुलाणावरून गडगडत गेले असते. तुम्हाला पाय आहेत, एकवीस वर्षं पुरी झाली आहेत, आणि तरी तुम्ही बसून राहता? पूल होईल की नाही, मला ठाऊक नाही. पण मागणाराच घरी बसला तर देणाऱ्याला जाग कशी यावी? पुन्हा मतदान येईल तेव्हा मला कोरडी ठेवा, माझ्यावर गंज चढू द्या, पण जा. हात जोडायला मला हात नाहीत. फार तर मला उचलायच्या कड्या वाजवीन.

आता शालूबाईला सातवा लागला आहे. वळीव पडून गेला. नदीचं पाणी गढूळ व्हायला लागलं आहे.