उलटी जर्सी

कुंभार पिंपळगावच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा प्रभावतीबाईंचे गुडघे लाकडासारखे झाले होते. त्यांनी आधी पिशवी कंडक्टरच्या हातात दिली, मग आपला हात दिला आणि पायरीवर थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"मावशी, उतरा की जल्दी," मागून कुणीतरी म्हणालं.

"उतरते बाबा. पाय माझे हाईत, एस्टीचे न्हाईत."

नात साक्षी आधीच खाली उतरून रिक्षा शोधत होती. जालन्यापासून आजीला तिनं तीनदा विचारलं होतं, परत फिरू या का. आता चौथ्यांदा विचारावं असं तिच्या मनात आलं, पण आजीचा चेहरा बघून तिनं पाण्याची बाटली तेवढी पुढं केली. एप्रिलचं ऊन होतं. स्टँडवरच्या कडुनिंबाखालची कुत्रीसुद्धा हलायला तयार नव्हती.

या आठवड्याच्या शेवटी देवानंद, म्हणजे बाईंचा मुलगा, त्यांना कायमचं पुण्याला नेणार होता. तिथं गुडघ्याचं ऑपरेशन, मग त्याच्याच घरी राहणं. जालन्यातल्या घराला भाडेकरूही ठरला होता. बाईंनी कशालाच नाही म्हटलं नव्हतं. नाही म्हणायलाही दम लागतो. फक्त एक गोष्ट त्यांनी मागितली होती. बोरगव्हाणची टीम बोरगव्हाणच्या ग्राउंडवर खेळताना एकदा बघायची.

देवानंद फोनवर हसला होता. "आई, अजून तुझी ती टीम हाय का?"

ती टीम म्हणजे पंचशील, बोरगव्हाण. बाईंचे वडील जालन्याच्या मालधक्क्यावर हमाल होते. दर वर्षी बाबासाहेबांच्या जयंतीला मिशनच्या मागच्या मैदानावर फुटबॉलचे सामने भरायचे, आणि वडील पोरीला खांद्यावर बसवून न्यायचे. जिल्ह्याभरातून टीमा यायच्या. काहींच्या पायात बूट असायचे. बोरगव्हाणची पोरं अनवाणी. सालगड्यांची नि मजुरांची पोरं ती. पांढरे बनियन निळीत बुडवून, छातीवर पंचशील नि पाठीवर आकडा लिहून त्यांनी जर्सी केलेली. पहिल्या अर्ध्या तासात घामानं ती नीळ मानेवर, काखेत उतरायची, आणि सामना संपेपर्यंत अंगसुद्धा निळं व्हायचं. त्यांचा गोलकीपर राजानंद बॉल अडवायला असा झेपावायचा की खाली माती आहे हे तो विसरला असावा.

तेव्हापासून प्रभावती त्यांची झाली. पुढं भोकरदनकडं शाळेवर लागल्या, तरी जयंतीच्या सामन्यांना रजा टाकून यायच्या. सोबतच्या बाया चिडवायच्या, "तुमचं सासर बोरगव्हाणचं का हो?" नवराही म्हणायचा, "माझ्या तब्येतीपेक्षा त्या राजानंदच्या गुडघ्याची काळजी जास्त तुला." आणि बोरगव्हाण बाईंनी कधी पाहिलंच नव्हतं. संसारात बाईमाणसानं फुटबॉलच्या टीमचं गाव बघायला जायचं म्हणजे कारण काय सांगायचं? मग मैदानावर दुकानं झाली, सामने बंद पडले, नवरा गेला. टीमही गेली असंच त्या धरून चालल्या होत्या. यंदा साक्षीनं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. निळ्या जर्सीतली पोरं, मागं बाभळी, आणि खाली लिहिलेलं, पंचशील, बोरगव्हाण, घरच्या मैदानावर उपांत्य सामना. बाईंनी तो व्हिडिओ इतक्यांदा बघितला की साक्षीच्या मोबाईलची बॅटरी संपली.

बोरगव्हाणला नेणाऱ्या रिक्षावाल्याचं नाव बबलू. त्यानं बाईंना पुढं आपल्या शेजारी बसवलं, म्हणजे पाय लांब करता येतील.

"कुणाकडं जायचं, आजी?"

"कुणाकडं न्हाई. मॅच बघायला."

बबलूनं मान वळवून त्यांच्याकडं नीट पाहिलं. "मॅच? आज व्हतीय का न्हाई काय म्हाईत. भुजंगराव गेले ना सकाळी."

"कोण भुजंगराव?" साक्षीनं मागून विचारलं.

"पाटील. गावातलं मोठं घर. नव्वदीला टेकल्ते म्हणा. गावात मयत असली की ते पोरं बॉल जमिनीला लावत न्हाईत, जुनी रीत हाय त्यांची. पण आता कोण पाळतंय? बघा, खेळतीलबी."

भुजंगराव बाईंनी पाहिले नव्हते, पण त्या घराचं नाव त्यांना चांगलंच ठाऊक होतं. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला गुडघ्यातून कळ येत होती, आणि प्रत्येक कळेसरशी त्या मनात म्हणत होत्या, खेळा रे बाबांनो, खेळा.

ग्राउंड वस्तीच्या मागं होतं. बाईंनी मनात ते केवढं तरी मोठं करून ठेवलं होतं. इथं बघतात तर एका बाजूनं शेत आत घुसलेलं. ताजी नांगरट अगदी गोलच्या खांबापाशी आली होती, आणि चुन्याची रेघ तिला चुकवून तिरपी गेलेली. मैदानाच्या मधोमध दोन्ही टीमा उभ्या होत्या, पण खेळत नव्हत्या. भांडत होत्या.

कडेला लिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता. डोक्याला उपरणं, बॉल अडवून अडवून हाताची बोटं वेडीवाकडी बसलेली. ती बोटं बघून बाईंनी ओळखलं.

"जय भीम, राजानंद दादा."

"जय भीम," तो म्हणाला, पण त्याच्या डोळ्यात ओळख नव्हती. ओळख असायचं कारणही नव्हतं. मिशनच्या मैदानाच्या भिंतीवर बसणाऱ्या शेकडो लोकांतली एक पोरगी. एका पोरानं आणखी खुर्ची आणली, बाई बसल्या, आणि साक्षीनं त्यांच्या चपला काढून पाय मोकळे केले.

भांडण ऐकू येत होतं. बोरगव्हाणचा कॅप्टन सूरज जालन्याच्या कारखान्यात कामाला होता आणि त्याची सुट्टी आजचीच होती. समोरची टीम बदनापूरची. त्यांचा कॅप्टन मिथुन कमरेवर हात ठेवून उभा होता.

"आम्ही टेम्पो करून आलोत, भाऊ. खेळायचं तर खेळा, न्हाईतर वॉकओव्हर द्या. आम्ही फायनलला जातो."

"वॉकओव्हर कशाचा? खेळणार की आम्ही," कल्याण म्हणाला. तो त्यांचा बॅक, दांडगा गडी. "ज्यानं आपल्या ग्राउंडात नांगर घातला त्याच्यासाठी मॅच बंद ठेवायची? बिलकुल न्हाई. मेला तर मेला."

"हळू बोल. तिकडून दिसतंय," सूरज म्हणाला. पाटलांच्या घरासमोर जमलेली माणसं खरंच इथून दिसत होती.

"दिसू दे. घरचं ग्राउंड, घरची माणसं, आणि घरीच हरायचं का न खेळता?"

सूरज लिंबाखाली आला. "आबा, तुम्ही सांगा. रीत तुमची हाय."

राजानंदनं उपरण्यानं तोंड पुसलं. "माझं काय विचारता. माझ्यानं आता उठवत न्हाई. तुमची टीम, तुम्ही ठरवा."

सूरजनं दम टाकला. मग त्याचं लक्ष बाईंकडं गेलं. वातावरण जरा हलकं करावं म्हणून तो हसून पोरांना म्हणाला, "अरे, ह्या आजी बघा. आपली मॅच बघायला जालन्याहून आल्यात, ह्या गुडघ्यांनी. आजी, सांगा ह्यांना, कधीपासून हाव तुम्ही आमच्याकडून?"

पोरं जवळ आली. बाईंच्या जिभेवर एकच शब्द होता, खेळा. तो म्हटला असता की काम झालं असतं. पण विचारलं होतं, कधीपासून. त्या प्रश्नाचं एकच उत्तर त्यांनी जन्मभर दिलं होतं. शाळेतल्या पोरांना, नवऱ्याला, देवानंदला, साक्षीला. ते उत्तर आपोआप सुरू झालं.

"लहानपणापासून. पण खरी झाले ती नामांतराच्या दंगलीनंतरच्या जयंतीला. त्या वर्षी ह्या गावात आपल्या लोकांना चक्की बंद होती, विहीर बंद होती. पाटलाच्या घराचा शब्द होता तो. ह्या भुजंगरावांच्या वडिलांचा. दळण तिकडं पिंपळगावला न्यायचे तुमचे लोक. तरी टीम आली, आणि फायनलला गेली. माझे वडील म्हणाले, उपाशी पोटी खेळतेत गं हे पोरं. मध्यंतरापर्यंत दोन गोल पुढं होती टीम. मला वाटलं, आता कप आपला."

एवढं सांगून बाईंना पुढचं दिसलं. गोष्ट कुठं चालली ते त्यांच्या ध्यानात आलं. त्या क्षणभर थांबल्या, घोटभर पाणी प्यायल्या.

"मंग?" कल्याण म्हणाला.

आता थांबून चालणार नव्हतं. पोरांचे डोळे तोंडाकडं लागले होते.

"मंग गावाकडून एस्टीनं आलेला एक माणूस पळत आला. पाटील गेले म्हणून. तोच पाटील, विहीर बंद करणारा. ह्या राजानंद दादांनी बॉल उचलला नि पंचाच्या हातात दिला. म्हणाले, गावात मयत हाय, आम्हाला खेळता येणार न्हाई. सगळ्यांनी अंगातले बनियन काढले, उलटे केले, परत घातले. निळीतून मागचे आकडे उलटे दिसत होते. आणि तसेच रांगेनं निघून गेले. कप समोरच्यांना गेला. मी घरी जाऊन रडले. वडिलांना म्हटलं, त्या माणसासाठी? वडील म्हणाले, त्याच्यासाठी न्हाई गं. आपण कसे हाओत त्याच्यासाठी."

लांबून पाटलांच्या घरातल्या बायांचा रडण्याचा आवाज आला.

"आबा, हे खरं हाय?" सूरजनं विचारलं. "तुम्ही कधी सांगितलं न्हाई."

"खरं हाय," राजानंद जमिनीकडं बघत म्हणाला.

सूरजनं जर्सी डोक्यावरून काढली, उलटी केली आणि पुन्हा घातली. नव्या कापडाची जर्सी ती. आतून नुसती पांढुरकी, ना नाव, ना नंबर. एकेकानं तसंच केलं. कल्याण शेवटपर्यंत तसाच राहिला. मग, "च्यायला, आजी, तुम्ही मॅच बघायला आल्त्या का मोडायला?" म्हणून त्यानंही काढली. त्याच्या पाठीवर घामाचा नकाशा उमटला होता.

"घ्या वॉकओव्हर," सूरज मिथुनला म्हणाला. मिथुननं नुसती मान हलवली.

पोरं पाटलांच्या घराकडं निघाली. बाई बघत राहिल्या. साक्षीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आजी, एकदा खेळा म्हणायचं ना. तुझ्यासाठी खेळले असते."

"म्हणायचंच होतं गं. मधेच गोष्ट आली."

साक्षी चहाचं बघायला वस्तीत गेली. लिंबाखाली दोघं म्हातारीच उरली. राजानंद बोलला.

"बाई, तुमच्या वडिलांनी आम्हाला लई मोठं केलं."

"मोठेच होतात तुम्ही."

"न्हाई हो. भ्यालो होतो." त्यानं वाकडी बोटं गुडघ्यावर पसरली. "पाटील मेला आणि आमच्या घरची माणसं जालन्याला बॉल खेळत बसली, असं झालं असतं तर दुसऱ्या दिवशी वस्तीत काय झालं असतं? दंगलीच्या पाऊसकाळात काय झाल्तं ते आम्ही पाह्यलं व्हतं. माझी बाई पोटुशी होती. बनियन उलटे का केले म्हणता? छातीवर पंचशील मिरवत मयतीत गेलो तर आणखी डोळ्यावर येईल, म्हणून. तेवढंच. पुढं त्याची रीत झाली. मी पोरांना कोणत्या तोंडानं सांगू?"

जन्मभर सांगितलेली गोष्ट मांडीवर मेलेल्या पाखरासारखी पडून होती. बाईंना राग यावा असं वाटलं, पण राग यायलाही अंगात काही शिल्लक नव्हतं. त्यांना फक्त ती पोटुशी बाई दिसत होती, जिचा त्यांनी एवढ्या वर्षांत कधी विचारच केला नव्हता.

"वडिलांना कळलं असेल का हे?" त्यांनी विचारलं.

"हमाल व्हते ना? मंग भ्यालेला माणूस त्यांना कळलाच असंल. पोरीला कसं सांगतील."

वाटेवरून मयत निघाली. पुढं मडकं धरलेला माणूस, मागं तिरडी, त्यामागं गावकीची माणसं, आणि थोडं अंतर सोडून ती पांढुरकी रांग. सूरज, कल्याण, बाकीची सगळी. आज त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. गेले नसते तर कुणी काही करणारही नव्हतं. सूरजचा पगार जालन्याहून येत होता, कल्याणची स्वतःची पिठाची चक्की होती. गावकीतल्या एका माणसानं मागं वळून पाहिलं, थांबला, आणि सूरजला पुढं यायची खूण केली. सूरज गेला नाही. आपल्या माणसांबरोबरच चालत राहिला.

"बघितलं का, दादा," बाई म्हणाल्या. "हे तर भीत न्हाईत."

राजानंद डोळे बारीक करून बघत होता. "न्हाई," तो म्हणाला. "आमच्यापेक्षा बरी टीम हाय."

बोरगव्हाणची टीम बोरगव्हाणच्या मातीत बाईंनी पाहिली ती एवढीच. वळणावर बाभळीमागं शेवटचा गडी दिसेनासा होईपर्यंत त्या खुर्चीतून हलल्या नाहीत.

परतीला रिक्षा मिळेना. बबलूसुद्धा मयतीला गेला होता. शेवटी मिथुनच आला. "आजी, आमचा टेम्पो जालन्यावरूनच जातो. चला. पुढच्या शिटावर बसा, पाय लांब करा."

बदनापूरच्या पोरांनी त्यांना अलगद उचलून वर बसवलं. कुणीतरी पाठीमागं बॅगेची उशी दिली. न खेळता जिंकलेली टीम, कुणी गाणं लावलं नाही की ओरडलं नाही. बराच रस्ता गेल्यावर मिथुननं विचारलं, "आजी, फायनल आमची बदनापूरला हाय. तुम्हाला जवळ पडतंय. येताल का आमच्याकडून?"

"मी पुण्याला चालले रे बाबा."

"मंग तिकडून ओरडा."

बाईंना हसू आलं, आणि त्या हसण्याबरोबर गुडघ्यात पुन्हा कळ आली. त्यांनी डोळे मिटले. साक्षीला वाटलं, झोपली. पण थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "साक्षी, देवानंदला विचार, राजानंद दादाच्या बाईचं नाव काय असंल ते कुणाकडून कळंल का."

"आजी, त्याला कसं कळेल? आत्ताच विचारायचं ना तिथं."

"हं," बाई म्हणाल्या. "विचारायचं राह्यलं."