रोझीचा हलवलेला धागा

भिंगारच्या बाजारात रोझी साळवेच्या शिवणकामाला नाव होतं. ब्लाउज, परकर, लग्नाचे पांढरे झगे, काहीही आणा, ती शिवून द्यायची. पण तिचा जीव खरा वाकळीत, म्हणजे गोधडीत. जुन्या लुगड्यांचे थर लावून टाके घालायला बसली की तिला जेवणाचीही शुद्ध राहायची नाही.

'सुईदोरा' नावाच्या एका मराठी संकेतस्थळावर ती बरीच वर्षं लिहीत होती. शिवणकाम करणाऱ्या बायका तिथं एकमेकींना अडलंनडलं विचारायच्या. एकीनं लेख टाकायचा, बाकीच्यांनी खाली उत्तरं द्यायची. या सगळ्याला मिळून तिथं धागा म्हणत. आपली धाकटी जाऊ प्रार्थना हिला तिथं रोझीनंच नेलं होतं. तिला खातं काढून दिलं, फोटो कसा चढवायचा ते शिकवलं. आणि वर्ष होत नाही तोच साइटवाल्यांनी त्याच प्रार्थनाला मॉडरेटर केलं. म्हणजे नियम सांभाळायचे, भांडणं मिटवायची, कुणाचं लेखन कुठं राहील ते बघायचं.

साइटवर प्रार्थनाच्या अभिनंदनाचे संदेश येऊ लागले तसा रोझीचा मोबाईल दिवसभर टुणटुणत राहिला. शेवटी तिनं त्या साइटच्या सूचनाच बंद करून टाकल्या.

"डोकं उठतं त्या आवाजानं," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि मला सांगा, जिला साधी काजपट्टी सरळ बसवता येत नाही ती कसली मॉडरेटर?"

यशया पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला, "मग तू शिकव की तिला."

रोझीनं शिवणयंत्र खडखडवत चालू केलं.

पुढच्याच आठवड्यात तिनं वाकळीचे कोपरे गोल कसे वळवावेत यावर मोठा लेख लिहिला. प्रत्येक टाक्याचा वेगळा फोटो काढला. सगळ्या बायका जिथं जमतात त्या 'गप्पांचा कट्टा' या विभागात तो टाकला आणि समाधानानं झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर लेख नाही! शेवगावच्या कुणा बाईनं नवऱ्याच्या पँटचा एक पाय आखूड शिवला होता, त्याची थट्टा सगळ्यात वर. खाली लोणची, लेकींची लग्नं. तिच्या वाकळीचा मागमूस नव्हता.

रोझीचं रक्त उसळलं. तक्रारींच्या विभागात जाऊन तिनं लिहिलं, 'माझं लेखन न सांगता काढून टाकलं. काहींच्या हातात जरा अधिकार आला की घरचीच माणसं डोळ्यांत खुपायला लागतात.' नाव घेतलं नाही, पण कळायचं त्यांना कळणारच होतं. एवढ्यावर भागलं नाही म्हणून तिनं रिक्षा केली आणि थेट सावेडीला प्रार्थनाच्या दारात उभी राहिली.

"सलाम, ताई. या ना आत," प्रार्थना म्हणाली.

"सलाम राहू दे. माझा लेख कुठाय?"

"गोधडीच्या विभागात."

"काढलास ना तो?"

"काढला नाही, हलवला. ताई, गप्पांमधलं लेखन दोन दिवसांत तळाला जातं. वाकळ शिकायला आलेली बाई लोणच्याच्या गप्पा उपसत बसेल का? आणि तुम्हाला तशी सूचना गेली होती."

सूचना आपणच बंद केल्या होत्या, ते रोझीला आठवलं. पण ती हटली नाही. "तिथं काही खूण तरी ठेवायची!"

"ठेवलीय. 'हा धागा हलवला आहे' अशी ओळ राहते जुन्या जागी. नवीन गप्पा आल्या, ती मागच्या पानावर गेली असेल." प्रार्थनानं हात पुढं केला. "द्या मोबाईल. हे तुमचं नाव. त्यावर बोट ठेवा. आता 'माझे लेखन'. तुमचं काहीही कुठंही हलवलं तरी इथून सापडतं."

लेख जसाच्या तसा होता. एकही फोटो गेला नव्हता. खाली पारनेरच्या एका बाईनं दोऱ्याबद्दल विचारलं होतं. राहुरीच्या एकीनं तर स्वतःच्या वाकळीचा कोपरा गोल वळवून त्याचा फोटो टाकला होता. रोझी उभ्या उभ्या वाचत राहिली. मग तिचा चेहरा उतरला.

"ती तक्रार... वाचलीस?"

"वाचली."

"काढून टाक ना गं."

"माझ्याविरुद्धची तक्रार मीच कशी काढू? तो नियमच आहे. ती आता दुसऱ्या मॉडरेटर, श्रीगोंद्याच्या मनकर्णाताई बघतील." प्रार्थनानं खुर्ची पुढं ओढली. "तुमच्या मनात हे आहे, ते मला ठाऊक होतं. पण चारचौघांत लिहाल असं नव्हतं वाटलं."

रोझी खुर्चीवर बसली. मोबाईल मांडीवर ठेवत म्हणाली, "मला वाटलेलं, मॉडरेटर मला करतील."

"तुमचं नाव निघालं होतं. मनकर्णाताई म्हणाल्या, लिहितात झकास, पण कुणी चूक दाखवली की फाडून खातात."

हे खोटं आहे असं रोझीला म्हणता येईना. तिथंच बसून तिनं तक्रारीखाली लिहिलं की लेख काढला नव्हता, योग्य विभागात नेला होता, आपणच नीट पाहिलं नाही. आधी तेवढंच लिहिलं. प्रार्थना चहा टाकायला आत गेल्यावर शेवटी आणखी एक वाक्य जोडलं: 'यात प्रार्थनाची काही चूक नाही.'

मनकर्णाबाईंनी तक्रारीच्या धाग्याला कुलूप लावलं. पुढं कुणाला उत्तर देता येणार नव्हतं, पण वाचता मात्र सगळ्यांना येत होतं. रोझीला ते लागलं. तरी तिनं वाद घातला नाही.

रविवारी चर्चबाहेर तिथल्याच ओळखीच्या रेश्मानं तिला गाठलं. "रोझीताई, काय सुरेख समजावलंय कोपऱ्याचं! मला प्रार्थनानं दाखवलं."

रोझीनं मान वळवून बघितलं. पलीकडं चार बायका प्रार्थनाभोवती उभ्या राहून काहीबाही विचारत होत्या.

"हो," रोझी म्हणाली. "तिनंच नेलं ते नीट जागी."

एवढं बोलून ती भराभर फाटकाकडं निघाली.

त्या आठवड्यात तिनं बाहीच्या घेरावर लिहायला घेतलं. आधी विभाग शोधला, मग पहिली ओळ लिहिली. लेख टाकल्यावर पहिलं उत्तर प्रार्थनाचं आलं. रोझीला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून स्वतःचा थोडा रागही आला.