तीन इंजिनं आणि एक सीट

पंचशीलाला गाडी घ्यायची होती ती मायसाठी. केवळाबाईचे गुडघे गेले होते, उमरीहून एसटीचे हाल तिला सोसत नव्हते. नांदेडच्या बँकेत नोकरी करणाऱ्या पंचशीलानं एक ऐसपैस सेडान पसंत केली, रंगही ठरवला. आणि लातूरच्या भावाला, धम्मानंदला, सहज विचारून बसली की यात तीन इंजिनं येतात, कोणतं घेऊ?

धम्मानंद कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. सहज विचारलेलं त्याला कळतच नसे. आधी म्हणाला, साधं पेट्रोल घे, डोक्याला ताप नाही. मग म्हणाला टर्बो, कारण लातूरला येताना लोहा गावापुढं ट्रकला ओव्हरटेक करायचं तर जोर पाहिजे. तिनं टर्बो बुक केली तर त्याच्याकडून बॅटरीच्या जोडीनं चालणाऱ्या हायब्रिडचे व्हिडिओ यायला लागले. त्यात बाबा, मारोती, अडून बसले की डिझेल नसेल तर ती गाडीच नव्हे. या गाडीत डिझेल येतच नाही, हे सांगून तिचं तोंड दुखलं. मग आणायला सांग की, म्हणायचे. शोरूमचा व्यंकट तर तिचा फोन उचलला की आधी विचारायचा, "मॅडम, टर्बो ठेवू का काढू?"

शेवटी वैतागून तिनं एका रविवारी सगळ्यांनाच शोरूमला बोलावलं. हायब्रिड बाहेर काढली. सुरू होताना आवाजच झाला नाही, त्यामुळे गाडी फाटकाबाहेर पडली तरी बाबा शेजारून "चालू कर की" म्हणत होते. मागं धम्मानंद आणि व्यंकटची ॲव्हरेजवरून जुंपली. माय खिडकीतून बाहेर बघत होती.

परत आल्यावर सगळे उतरले, केवळाबाई उतरेना. सीट फारच खाली होती. तिनं पाय बाहेर काढले, दार धरलं, दोनदा जोर लावला, पण उठणं काही जमेना. पंचशीला आणि व्यंकटनं बगलेत धरून तिला उभं केलं. तिनं पदर सारखा केला. कुणाकडं बघितलं नाही.

पंचशीला आधी तिच्यावरच तडकली. "माय, आधी सांगायचं न्हाई का? इतके दिवस आम्ही डोकं फोडून राहिलो."

"तुम्ही इंजनाचं बोलून राहिलते," केवळाबाई म्हणाली. "ते मला काय कळतंय? बसायचं कुणी इचारलंच न्हाई."

धम्मानंदनं खाली उशी टाकता येईल असं काहीतरी सुरू केलं.

"तू गप बस," पंचशीला म्हणाली.

पलीकडं एक उंच, बुटक्या नाकाची गाडी उभी होती. सेडानसारखी देखणी नव्हती. केवळाबाईनं तिचं दार उघडलं, टेकली आणि कुणाचा हात न धरता उठली. मग पुन्हा एकदा बसून बघितलं.

हिच्यात एकच पेट्रोल इंजिन येतं, दुसरं काही मिळणार नाही, असं व्यंकट ओशाळून म्हणाला. पंचशीलाला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं. तिनं टर्बो काढायला सांगितली आणि तिथंच ही गाडी बुक केली.

धम्मानंद चहाही न घेता लातूरला निघाला. तो रुसलाय हे तिला दिसत होतं, पण त्याची समजूत काढायचं त्राण तिच्यात उरलं नव्हतं.