कोपऱ्यातले तारे

कुडपणच्या पठारावरून दत्तोपंत पहाटे परतले ते तसेच कॉम्प्युटरपुढे बसले. पत्नी विनोदिनीबाईंनी ठेवलेला चहा निवला तरी ते पडद्याकडेच बघत होते. रात्री दुर्बिणीतून काढलेल्या फोटोत मधले तारे मोहरीसारखे गोल. उजव्या कडेचेही बरे. डाव्या कोपऱ्यातले मात्र पुन्हा तांदळाच्या दाण्यासारखे लांबट.

"जमलं का?"

"नाही. आता विकायचं हे दुर्बिणीचं सामान. पावसाळ्याआधी जमलं नाही तर विकीन, बोललो होतो ना."

विनोदिनीबाई गुडघा चोळू लागल्या. पूर्वी थर्मास घेऊन त्याही पठारावर जायच्या. दोन वर्षांपूर्वी गुडघ्याने ते बंद केलं, आणि पंत एकटेच जाऊ लागले.

दुर्बिणीच्या मागच्या भिंगाच्या पाठीपासून कॅमेऱ्यातल्या सेन्सरपर्यंत पंचावन्न मिलिमीटर अंतर हवं. मध्ये फिल्टरची काच आली म्हणून आणखी अर्धा. याला बॅकफोकस म्हणतात, आणि ते जरा चुकलं की कडेचे तारे बिघडतात. एवढं पंतांना पुस्तकातून नीट कळलं होतं. अंतर भरणारी धातूची कडी बिरवाडीच्या वर्कशॉपवाल्या मुरारीने लेथवर कातून दिली. अर्ध्या मिलिमीटरसाठी मध्ये भोक असलेल्या दोन चकत्या पंतांनी स्वतः कापल्या, त्या वाचनालयाच्या जुन्या सूचीकार्डांतून. ग्रंथपाल म्हणून तीस वर्षं ती कार्डं त्यांनीच लिहिली होती. दोन हजार एकवीसच्या पुरानंतर चिखलातून शंभरेक कार्डं काढून त्यांनी गच्चीवर वाळवली होती. कागदाची जाडी आपल्या बोटांना कळते, एवढा एकच ताठा त्यांच्यात उरला होता.

बाकी सगळ्याबद्दल शंकाच. मोतीबिंदू काढलेला डोळा, थरथरणारा हात, चौऱ्याहत्तर वर्षांचं वय. दोष आपलाच, दुसरा कुणाचा असणार?

रविवारी ते सगळं सामान पिशवीत घालून रिक्षाने बिरवाडीला गेले.

"मुरारी, कुणी गिऱ्हाईक असेल तर बघ रे. विकतोय."

"का? माझी कडी वाकडी हाय का?"

"छे रे. माझाच हात चळतो."

"हाताला कशाला बदनाम करताय, काका? आना हिकडं."

मुरारीने मायक्रोमीटर काढला. कडी चारी बाजूंनी सारखी भरली. मग त्याने कार्डाची चकती चिमटीत धरून फिरवत फिरवत मोजली आणि हसला.

"हितं पंचवीस शतांश, हितं एकतीस. कार्ड पुराचं पानी पिऊन फुगलंय, काका. कॅमेरा एका अंगाला लंगडतोय तुमचा."

पंतांनी चकती हातात घेतली. काठावर त्यांच्याच वळणदार अक्षरात एका पुस्तकाचं अर्धं नाव होतं. त्यांनी बोटं फिरवली, पुन्हा फिरवली. काहीच कळलं नाही.

"मग कशाची करू?"

"फुगनार नाय असं कायतरी. एक्सरेची फिलम घ्या. ती अठरा भरते, तीन लावा. घरात हाय का?"

घरात होती. घरी येऊन पंतांनी कपाटातून एक्सरेचं पाकीट काढलं आणि कात्री हातात घेऊन तसेच उभे राहिले.

"अहो, तो माझा गुडघा आहे!"

"जुना फोटो आहे गं."

"गुडघाही जुनाच आहे. कापा. ठेवून तरी कुठे बरा होतोय?"

अमावास्येला फिल्मच्या तीन चकत्या बसवून पंत शेवटचं म्हणून पठारावर गेले. सकाळी त्यांनी फोटो पडद्यावर लावला आणि मान फिरवली.

"तूच बघ. डावा कोपरा. माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही."

विनोदिनीबाई खुर्चीला धरून वाकल्या.

"तांदूळ?" पंतांनी विचारलं.

"मोहरी."

पंतांना आनंद झाला असेल, पण तो दाखवण्याइतकं त्राण उरलं नव्हतं. पायातले मोजेही न काढता ते दिवाणावर आडवे झाले.

"मुरारीने गिऱ्हाईक पाहिलंय," ते डोळे मिटून म्हणाले. "काय सांगू त्याला?"

"त्यात माझा गुडघा बसवलाय तुम्ही," विनोदिनीबाई म्हणाल्या. "मला न विचारता परस्पर विकाल तर बघा!"

आणि त्यांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला.