गिटारीत बसलेला अमरनाथ

त्या आठवड्यात उदगीरच्या आमच्या गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. सिद्रामप्पांच्या किराणा दुकानाच्या पायरीपासून थेट माझ्या फाटकापर्यंत चपलाच चपला. दुकानावरच्या त्यांच्या घरातल्या हॉलमध्ये चौरंगावर एक लाल इलेक्ट्रिक गिटार बसवलेली होती. तिला भस्माचे तीन पट्टे ओढलेले, गळ्यात झेंडूचा हार, भोवती लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या चार माळा. गिटारीची वायर शेजारच्या आवाज मोठा करणाऱ्या डब्यात, म्हणजे ॲम्पमध्ये, खोचलेली. कुणाचाही हात लागलेला नसताना ती गिटार घुमत होती.

"घूंऽऽऽ..."

"ऐका! ल्योक बोलून राहिला!" नादेश्वर महाराज ओरडायचे. "माय, तुझा अमरनाथ तुला हाका मारून राहिला! आत्म्याची फ्रिक्वेन्सी असती पन्नास. शास्त्रज्ञांनीबी मान्य केलंय!"

कोणत्या शास्त्रज्ञांनी, हे विचारायचं नसतं. आपल्या घरातल्या विजेचीही फ्रिक्वेन्सी पन्नासच असते, हे तर अजिबात बोलायचं नसतं.

मग महाराज डोळे मिटून, ओठ पुटपुटत, उजवा हात हळूच तारांवर ठेवायचे. घुमणं गप्प! हात उचलला की पुन्हा घूंऽऽऽ. बायका पदर डोळ्याला लावायच्या, पुरुष माणसं मोबाईल वर करून शूटिंग घ्यायची.

सिद्रामप्पांचा मुलगा अमरनाथ आठ महिन्यांपूर्वी नांदेडच्या रस्त्यावर अपघातात गेला. पोरगा ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. कुणाची तरी जुनी गिटार आणून त्यानं तिच्या आतल्या सगळ्या वायरी घरीच काढून नव्यानं जोडल्या होत्या. धाकटी बहीण स्वप्नाली टॉर्च धरून त्याच्या शेजारी बसायची. तो गेल्यावर आठ महिन्यांनी कुणीतरी आठवण म्हणून गिटार ॲम्पला जोडली. ती घुमली आणि घरात रडारड झाली. तिसऱ्या दिवशी बिलोलीकडून हे महाराज हजर.

मी सौदामिनी, समोरच्या घरात राहते. एकतीस वर्षं मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. मला हे सगळं हास्यास्पद वाटायचं. दुपारी लाईट गेली की आत्माही गप्प व्हायचा, तेव्हा महाराज म्हणायचे, "विश्रांतीला गेलाय." दिव्यांच्या माळा वाढवल्या तशी घरघर वाढली, तर म्हणाले, "आरास आवडली त्याला." मी खिडकीतून हसायचे.

मात्र एक गोष्ट हसण्यासारखी नव्हती. अमरनाथच्या आईला, रत्नम्मावहिनींना, जुना मधुमेह. रोज दोन वेळा इन्शुलिन. महाराजांनी एकवीस दिवसांचं व्रत सांगितलं: फक्त तीर्थ घ्यायचं, अंगाला सुई लावायची नाही, कारण आईला टोचलं की ते लेकराच्या आत्म्याला टोचतं. डाव्या पायाच्या बोटांवर फोड आला होता, त्यावरही भस्मच. वहिनी तांब्यामागून तांब्या पाणी पीत होत्या आणि भिंतीला धरून चालत होत्या. मी एकदा रागावून सांगायला गेले तर सिद्रामप्पा हात जोडून म्हणाले, "बाई, तुमचं पुस्तक तुमच्यापाशी. तिला आठ महिन्यांनी पोराचा आवाज ऐकू आलाय."

मी परत आले. दुसरा नियम असा होता, की महाराजांशिवाय गिटारीला कुणी हात लावायचा नाही. लावेल तो अमरनाथच्या मागं जाईल.

अकराव्या दिवशी दुपारी स्वप्नाली धापा टाकत माझ्याकडे आली. चेहरा पांढराफटक.

"बाई, माझा हात लागला तारांना. हार घसरला होता, नीट करून राहिले होते."

"मग?"

"आवाज थांबला! माझ्याबी हातानं थांबला, बाई! आता मी मरते का काय?"

मला आधी हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली. एकतीस वर्षं पोरांना "करून बघा" म्हणून ओरडले, आणि अकरा दिवसांत मलाही त्या तारांना हात लावून बघावंसं वाटलं नव्हतं.

"मरत नाहीस," मी म्हणाले. "आण ती गिटार इकडे."

तेवढ्यात लाईट गेली. आत्मा विश्रांतीला गेला आणि महाराजही पुरणपोळी खाऊन आतल्या खोलीत घोरायला लागले. स्वप्नालीनं वायर काढली आणि चादरीत गुंडाळून गिटार माझ्याकडे आणली. माझ्या घरी इन्व्हर्टर होता. तिनं दादाचं सोल्डरिंगचं सामान मांडलं आणि गिटारीच्या मागच्या झाकणाचे स्क्रू काढले. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. तो वाचून पोरगी खाली बसली. कागद तिनं ओढणीच्या टोकाला बांधला आणि म्हणाली, "बाई, हे आधी नाही दाखवायचं. आधी त्या महाराजाला बगू."

ॲम्पच्या वायरची पिन गिटारीत जिथं खोचतात, तिथल्या दोन वायरींचे सांधे तिनं वितळवून सोडवले आणि वायरी एकमेकींच्या जागी लावल्या. चार वाजता लाईट यायच्या आत गिटार चौरंगावर होती, हारासकट.

पाच वाजता हॉल गच्च भरला. महाराज आले, डोळे मिटले, पुटपुटले आणि हात तारांवर ठेवला.

"घर्रर्रर्रर्र!"

ॲम्प असा काही गरजला की पुढच्या रांगेतली सिद्धम्मा मागच्या बाईच्या मांडीवर जाऊन पडली. महाराजांनी हात काढला, आवाज उतरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घर्रर्र! तिसऱ्या वेळी महाराजांचा तोल गेला आणि तोंडातून निघून गेलं, "आरं, अर्थिंग गेलं का काय ह्याचं!"

मागून म्हातारे ग्यानोबा उठले. "थांबा की वो! आवाज वळखीचा वाटलाच मला. बिलोलीला माझ्या पुतणीच्या लग्नात तुमीच होते ना साउंडवर? 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' करून राहिलते?"

"विटाळ!" महाराज ओरडले. "घरात विटाळ झालाय! आत्मा कोपलाय!"

"विटाळ नाही, महाराज," स्वप्नाली उभी राहिली. "मी दोन वायरी उलट्या केल्या. आता सरळ करते. बसा."

सगळ्यांसमोर तिनं स्क्रू काढले. दहा मिनिटं कुणी जागचं हललं नाही. धूर निघाला, वायरी जागेवर गेल्या, झाकण लागलं. मग माझं काम सुरू झालं. मी सांगितलं, की या तारांखाली लोहचुंबक आहे आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. ते गिटारीचा नाद पकडतात, तसाच वरच्या ट्यूबचा आणि तुम्ही लावलेल्या माळांचा खरखराटही पकडतात. आपलं अंगही तो खरखराट गोळा करतं. तारा आतून अर्थिंगला जोडलेल्या असल्या की हात ठेवल्यावर आपलं अंगही अर्थिंगला जोडलं जातं आणि घुमणं दबतं. वायरी उलट्या केल्या की तेच अंग एरियल बनतं. महाराज एरियल झाले होते, एवढंच.

"या, हात ठेवा कुणीही."

कुणी येईना. शेवटी दुकानातला हमाल मल्लेश पुढं आला. गुळाच्या ढेपा उचलणारा तो हात त्यानं भीत भीत तारांवर ठेवला. गप्प. मग सिद्धम्मानं ठेवला. गप्प. मग रांग लागली. पाच मिनिटांत आमच्या गल्लीत तेवीस महाराज तयार झाले. खरे महाराज तोवर जिन्यावरून उतरले होते, आणि चपलांच्या त्या ढिगात स्वतःची चप्पल न सापडल्यानं अनवाणीच गेले.

लोक हसत होते. रत्नम्मावहिनी हसत नव्हत्या. भिंतीला टेकून त्यांनी मला विचारलं, "म्हंजे माझं लेकरू त्यात न्हाई?"

मी स्वप्नालीकडे बघितलं. स्वप्नालीनं ओढणीची गाठ सोडली आणि कागद आईच्या हातात दिला. अमरनाथचं तिरपं अक्षर. वहिनींनी मोठ्यानं, अडखळत वाचलं:

"वायरी झाल्या. घूं येतंय. तारांवर हात ठेवला की थांबतंय, म्हणजे अर्थिंग बरोबर. आत फॉइल लावायचं राहिलंय."

वहिनींनी कागद दोनदा वाचला. तिसऱ्यांदा नुसतं अक्षरांवरून बोट फिरवलं. लेकराचं खरं बोलणं अकरा दिवस चार स्क्रूंच्या आड होतं, आणि त्याच्यावर आम्ही झेंडूचा हार घातला होता.

"राहिलंय म्हन्तोय त्यो," त्या स्वप्नालीला म्हणाल्या. "मग लाव की गं."

"लावते, अव्वा. आधी तुझी सुई."

वहिनींनी दंड पुढं केला. सिद्रामप्पा तोंडावर उपरणं धरून लहान मुलासारखे रडले. बाहेरचा खरखराट अडवायला स्वयंपाकघरातल्या पोळ्या गुंडाळायच्या फॉइलनं स्वप्नालीनं गिटारीची आतली पोकळी मढवली, तो कागद पुन्हा आत चिकटवला आणि माळांचं बटण बंद केलं. उरलेली घरघर कान देऊन ऐकली तरच कळत होती.

इथं गोष्ट गोड करून संपवता आली असती. पण त्याच रात्री वहिनींना लातूरला दवाखान्यात न्यावं लागलं, आणि डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. फोड आला त्या दिवशी दाखवलं असतं तर वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले.

म्हणून माझं मागणं साधं आहे. कुणी म्हणालं हात लावू नका, तर का, ते विचारा. उत्तर पटलं नाही तर जाणत्याला बोलवून वस्तू उघडून बघा. आणि औषध बंद करा म्हणणाऱ्याला घराची पायरी चढू देऊ नका, तो कितीही गोड पुटपुटला तरी. आम्ही अकरा दिवस कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही, जिला सगळं ठाऊक होतं. मी खिडकीत उभी राहून हसत होते.